वाचकांचे प्रश्न: स्नोमोबिलचा ट्रेल तयार कसा होतो, टिकतो कसा

मागच्या अंकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या स्नोमोबिल (बर्फावरून धावणारी मोटरगाडी) क्लबांवर एक छोटं टिपण दिलं होतं. क्लबचे लोक पगार न घेता ट्रेल, म्हणजे या गाड्यांचे बर्फातले रस्ते, सांभाळतात एवढंच त्यात होतं, पण त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. मी स्वतः उत्तर मिनेसोटातल्या एका क्लबात व्हॉलंटियर आहे, पानगळीत छाटणीला जातो, हिवाळ्यात रात्री ग्रूमरवर, म्हणजे ट्रेल सपाट करणाऱ्या मशीनवर, बसतो, त्यामुळे उत्तरं तिथल्या कामावरून दिलीत. विस्कॉन्सिन, मिशिगन, मेन, व्हरमाँट, ओंटारियो, क्युबेक इथले नियम आणि पैशाची पद्धत वेगळी आहे, पण बर्फ, पाणी आणि जमीनमालक यांच्याशी जुळवून घेणं सगळीकडे सारखंच. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न: आम्ही दर वर्षी ट्रेल स्टिकरचे पैसे भरतो, ट्रेलवर सरकारी पाट्याही दिसतात, म्हणजे ट्रेल सरकारचाच ना? मग क्लबची वेगळी मेंबरशिप कशाला घ्यायची?

नाही हो, बहुतेक ट्रेल सरकारचे नसतातच. मिनेसोटात २२,००० मैलांच्या वर स्नोमोबिल ट्रेल आहेत आणि त्यातला फार मोठा भाग क्लब सांभाळतात, राज्याचे स्वतःचे ट्रेल त्या मानाने थोडे. खालची जमीन कुठे शेतकऱ्याची, कुठे लाकूड कंपनीची, कुठे काउंटीची, कुठे जुन्या रेल्वेलाइनची, एकाच ट्रेलवर चार मैलांत दहा मालक लागतात. व्हरमाँट आणि मेनमध्ये तर खासगी जमिनीचं प्रमाण याहून जास्त आहे, तिथे मालकांनी नाही म्हटलं तर ट्रेलचं जाळं एका हंगामात तुटेल.

राज्य काय करतं, तर ग्रँट-इन-एड नावाच्या अनुदान योजनेतून क्लबला मदत देतं. तीही थेट नाही, काउंटी किंवा गाव स्पॉन्सर म्हणून मध्ये असतं, क्लब काम करतो, काम झाल्याचे कागद देतो, मग पैसे सुटतात. हा पैसा येतो स्नोमोबिलच्या रजिस्ट्रेशनमधून, तुमच्या स्टिकरमधून आणि गॅस टॅक्सचा जो हिस्सा स्नोमोबिलमध्ये जळणाऱ्या पेट्रोलचा धरला जातो त्यातून. म्हणजे तुमचा स्टिकर वाया जात नाही, तो ट्रेलवरच खर्च होतो, फक्त तो पुरत नाही. नवा ग्रूमर ट्रॅक्टर आणि त्यामागे ओढायचा लोखंडी ड्रॅग घ्यायचा म्हणजे लाखो डॉलरची गोष्ट आहे, वर डिझेल, रबरी ट्रॅक, हायड्रॉलिकचे पाइप, आणि ते पाइप फुटतात तेव्हा नेमकी रात्र असते आणि जवळचं दुकान तीस मैलांवर असतं. मग क्लब रॅफल काढतो, पॅनकेक ब्रेकफास्ट ठेवतो, गावातल्या मोटेलवाल्याकडून आणि बारवाल्याकडून वर्गणी घेतो, आणि मेंबरशिप.

मोठ्या कामाला, म्हणजे पूल बांधायचा किंवा ग्रूमर घ्यायचा तर, फेडरल सरकारचा रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम आहे. त्यातल्या राज्याच्या वाट्याचे ३० टक्के मोटरच्या ट्रेलसाठी, ३० टक्के बिनमोटरच्या ट्रेलसाठी आणि उरलेले ४० टक्के वेगवेगळ्या वापराच्या ट्रेलसाठी अशी विभागणी आहे. साधारण २० टक्के हिस्सा अर्जदाराने घालायचा असतो आणि त्यात व्हॉलंटियरचे तास पैशासारखे धरता येतात, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या कामाचे तास वहीत लिहून घ्यायला इतके मागे लागतो. नव्या माणसाला त्याचा वैताग येतो पण त्या वहीतूनच पुढे पूल उभा राहतो.

न्यूयॉर्क राज्याची पद्धत मला फार पटते. तिथे क्लबचा मेंबर असलात तर स्नोमोबिलचं रजिस्ट्रेशन स्वस्तात होतं, नसलात तर बरेच जास्त पैसे पडतात, त्यामुळे माणूस आपोआप क्लबात येतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, तरी मेंबरशिप घ्याच, आणि ज्या भागात जास्त फिरता त्या भागातल्या क्लबची घ्या, घराजवळच्याच क्लबची घेतली पाहिजे असं काही नाही.

प्रश्न: दादा, शनिवारी सकाळी निघालो तेव्हा ट्रेल एकदम सपाट होता, दुपारी तीनला त्याच रस्त्याने परत आलो तर एवढे उंचवटे की कंबर मोडायची वेळ आली. रोज दोनदा ग्रूमिंग केलं तर काय बिघडतं? लोक आळस करतात असं माझ्या मित्राचं म्हणणं आहे.

मित्राला एकदा रात्री ग्रूमरमध्ये बसायला पाठवा, आम्ही जागा ठेवतो.

आधी उंचवटे का होतात ते सांगतो. कुणीतरी वळणाआधी ब्रेक दाबतो, वळणानंतर जोरात थ्रॉटल देतो, गाडीखालचा फिरता रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, बर्फ मागे फेकतो आणि तिथे छोटासा खळगा पडतो. पुढची गाडी त्या खळग्यात आपटते, सस्पेन्शन दबून उसळतं आणि जिथे गाडी पुन्हा टेकते तिथे दुसरा खळगा पडतो, मग तिसरा. एकदा हे सुरू झालं की मागून येणारी प्रत्येक गाडी तेच जास्त खोल करत जाते, आणि वीकेंडला एका लोकप्रिय ट्रेलवरून शेकडो गाड्या जातात, त्यामुळे सकाळचा ट्रेल दुपारपर्यंत टिकला नाही यात ग्रूमरवाल्याचा दोष नसतो.

आता ग्रूमिंग. बरेच जण समजतात की ग्रूमर बर्फ दाबून सपाट करतो, तेवढंच. खरं काम कापण्याचं आहे. ट्रॅक्टरमागे जो ड्रॅग असतो तो म्हणजे शेतातल्या वखराचा खूप मोठा भाऊ समजा, लांबलचक लोखंडी सांगाडा, त्यात एकामागे एक तिरकी पाती. पुढची पाती उंचवटा मुळापासून सोलतात, मधली पाती तो बर्फ या बाजूकडून त्या बाजूला लोटत घुसळतात, ढेकळं फोडून बारीक करतात, त्यातली हवा काढतात, आणि शेवटी मागे रुंद पत्रा असतो तो सगळं दाबून चोपून जातो. यात पातं किती खोल लावायचं ही खरी कसोटी. खळग्याच्या तळापर्यंत कापलं नाही, नुसते वरचे शेंडे उडवून खड्डे भरले, तर वरून ट्रेल झकास दिसतो पण खाली जुने कडक उंचवटे तसेच असतात आणि भरलेला मऊ बर्फ पहिल्या वीस-पंचवीस गाड्यांत उडून जातो, उंचवटे होते तिथेच परत. म्हणून चांगला ऑपरेटर हळू जातो, ताशी पाच ते सात मैल. घाई केली की ड्रॅग स्वतःच उड्या मारायला लागतो आणि लाटा काढायच्या ऐवजी नव्या लाटा घालतो. तीस मैलांचा एक फेरा धरला तर कुठे न थांबता पाच तास गेले, आणि न थांबता कधी होतच नाही, कुठे झाड आडवं पडलेलं, कुठे गेट उघडायचं, कुठे रोड क्रॉसिंगवर साचलेलं बर्फाचं ढेकूळ बाजूला करायचं म्हणजे गाडीवाला घसरणार नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या दुपारच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. घुसळून दाबलेला बर्फ लगेच पक्का होत नाही. बारीक झालेले कण एकमेकांना चिकटून त्यांच्यात बंध तयार व्हायला वेळ लागतो, कमीत कमी दोन तास, आणि सहा ते दहा तास मिळाले तर उत्तम. तेवढ्यात त्यावरून गाड्या गेल्या की सगळी मेहनत पाण्यात. दुपारी ग्रूमिंग केलं तर मागून पाच मिनिटांत गाड्या येणार, मऊ बर्फ उडवणार आणि आम्ही डिझेल जाळून ट्रेल उलट खराब करणार. म्हणून रात्री निघायचं, ट्रेल रिकामा असतो, सूर्य गेल्यावर तापमान उतरत असतं, दिवसा किंचित ओलसर झालेला बर्फ रात्री घट्ट बसतो, आणि पहाटेपर्यंत ट्रेलला झोप मिळते. आमच्यातले जुने ऑपरेटर थर्मामीटर बघून निघतात, घड्याळ बघून नाही. फॅरनहाइट पाच ते पंचवीसच्या मधे पारा असला आणि उतरता असला तर तो दिवस सोन्याचा. बत्तिसच्या वर, बर्फ गळायला लागलाय आणि रात्रीही गोठणार नाही असा अंदाज असेल तर मशीन शेडमध्येच बरं, पात्यांना ओला बर्फ चिकटतो आणि दाबलेलं काही बसत नाही. उलट खूप कडाक्याची थंडी असली, शून्याच्या बरीच खाली, तर बर्फ कोरड्या साखरेसारखा सुटा राहतो आणि बंध धरायला फार वेळ घेतो.

बर्फ पातळ असेल तेव्हाही थांबावं लागतं. पातं जमिनीला लागलं की माती आणि दगड वर येतात, काळी माती उन्हात तापते आणि आसपासचा उरलासुरला बर्फ वितळवते. ट्रेलवर माती दिसायला लागली की तो भाग लवकर जातो हे पक्कं. अशा वेळी ऑपरेटर कडेला उडालेला बर्फ ड्रॅगच्या पंखांनी आत ओढून घेतो आणि वरवरच फिरतो.

तुमच्या हातात काय आहे ते पण सांगतो. वळणावर थ्रॉटल हळू द्या, उगाच ट्रॅक फिरवू नका, आणि जमलं तर दुपारपेक्षा सकाळी निघा. एका गाडीने फरक पडत नाही असं वाटतं, पण खळगा सुरू करायला एकच गाडी लागते.

प्रश्न: काका, मी आणि माझ्या नवऱ्याने गेल्या वर्षी चाळीस एकर जमीन घेतली, अर्धी झाडी, अर्धं अल्फाल्फाचं (चाऱ्याच्या पिकाचं) शेत, ते शेजारच्या शेतकऱ्याला कसायला दिलंय. क्लबचे दोघे जण घरी आले होते, जुना ट्रेल आमच्या जमिनीतून जातो, परवानगी चालू ठेवाल का म्हणून विचारत होते. माणसं चांगली वाटली, पण कुणी पडला, हात मोडला तर केस आमच्यावर येईल अशी भीती वाटते. काय करू?

ताई, तुमच्या पत्रासाठीच खरं तर हा कॉलम लिहावासा वाटला. ट्रेलचं भवितव्य ग्रूमरपेक्षा तुमच्यासारख्या मालकांच्या हातात जास्त असतं, एका चाळीस एकराने नाही म्हटलं तर क्लबला कधी कधी पाच मैलांचा वळसा शोधावा लागतो, आणि तो मिळेलच असं नाही.

केसचं आधी. मिनेसोटात, आणि बहुतेक सगळ्या राज्यांत, असा कायदा आहे की मालकाने करमणुकीसाठी जमीन फुकट वापरू दिली तर येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ती सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. यातला फुकट हा शब्द नीट लक्षात घ्या, तुम्ही वापरणाऱ्यांकडून पैसे घेतलेत तर ते संरक्षण जाऊ शकतं. मुद्दाम धोका तयार करणं, म्हणजे ट्रेलवर आडवी तार बांधणं असलं काही, त्यालाही संरक्षण नाही. शिवाय क्लबचा लायबिलिटी इन्शुरन्स असतो, त्याचा कागद मागून घ्या, चांगला क्लब न मागता देतो. आणि तरी मन खात असेल तर स्थानिक वकिलाला एकदा विचारा, एका भेटीचं काम आहे.

परवानगी लेखी आणि हंगामापुरती ठेवा. कायमचं काही लिहून द्यायची गरज नसते, मिनेसोटात हे ट्रेल १ डिसेंबर ते १ एप्रिलपर्यंत चालतात, तेवढ्याचंच बोलायचं. त्या कागदात तुमच्या अटी घालायला अजिबात लाजू नका. घरापासून किती लांब, गेट कोण उघडणार आणि कोण बंद करणार, उन्हाळ्यात एटीव्हीवाल्यांनी (रानात चालवायच्या छोट्या चारचाकी गाड्या) यायचं नाही हे कसं सांगणार, बर्फ गेल्यावर खुंट्या आणि पाट्या किती तारखेपर्यंत काढणार. हे शेवटचं तुमच्या शेतकऱ्याला विचाराल तर तोच आधी सांगेल, कारण शेतात राहून गेलेली एक लोखंडी खुंटी गवत कापायच्या मशीनमध्ये गेली तर हजारो डॉलरचं नुकसान होतं आणि मग त्या भागातला एकही शेतकरी क्लबला दारात उभं करत नाही. आमच्या क्लबात खुंट्या लावताना मोजतात आणि काढताना परत मोजतात, एक जरी कमी भरली तरी दोघं जण शेत फिरून शोधतात.

तुमच्या अल्फाल्फाचा प्रश्न मात्र खराच आहे. मोकळा भुसभुशीत बर्फ जमिनीला ऊब देतो, तो दाबला की थंडी आत उतरते आणि अल्फाल्फाची मुळं मरू शकतात. त्यामुळे ट्रेल शेताच्या मधून नको, कडेने, झाडीच्या किंवा कुंपणाच्या रेषेला धरून हवा असं ठामपणे सांगा. झाडी निम्मी आहे म्हणता, मग झाडीतून नेला तर क्लबलाही बरंच, सावलीत बर्फ जास्त दिवस टिकतो. फक्त तुमच्या चांगल्या झाडांना पाट्या खिळ्याने ठोकू देऊ नका, खिळा खोडात राहतो आणि पुढे कधी लाकूड विकलंत तर आरा त्यावर तुटतो, पाट्या वेगळ्या खांबावर लावायला सांगा.

आणि कुणी ट्रेल सोडून शेतात गोल गोल फिरून गेला तर गप्प बसू नका, त्याच दिवशी क्लबला फोन करा. परवानग्या जातात त्या बहुतेक अशा चार माणसांमुळे जातात, आणि त्याची किंमत नीट चालवणाऱ्या बाकी सगळ्यांना मोजावी लागते, याचा आम्हाला मनापासून राग येतो.

प्रश्न: बर्फ असतो चार महिने. बाकी आठ महिने क्लब काय करतो?

ट्रेल तेव्हाच तर तयार होतो. हिवाळ्यात आम्ही तो फक्त राखतो.

वसंतात बर्फ गेला की पाट्या काढायच्या आणि पाण्याने काय केलंय ते बघत फिरायचं. ट्रेलचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. उतारावर ओघळ पडतात, सिमेंटच्या किंवा लोखंडी पाइपातून नाला खालून काढलेला असतो तो गाळाने किंवा बीव्हरने भरलेल्या काटक्यांनी बंद होतो, मग पाणी ट्रेलवरून वाहतं आणि हिवाळ्यात तिथे गुडघाभर खोल गारठलेला चिखल असतो, वरून बर्फाची साय, खाली गाडी अडकते. बीव्हरचा बांध असेल तर स्वतःच्या मनाने फोडायचा नसतो, जमीनमालकाशी आणि डीएनआरशी (राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं) बोलून काय ते ठरवायचं. पाणथळ जागेत भराव टाकायचा, पूल घालायचा तर परमिट लागतं आणि ते मिळायला महिने जातात, म्हणून पुढच्या वर्षीचं काम या वर्षीच्या वसंतात सुरू करावं लागतं.

उन्हाळ्यात जमीन सपाट करायची. ट्रेलमध्ये सुधारणा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच असतं, खालची जमीन जितकी सपाट तितका कमी बर्फ पुरतो. जिथे दगड आणि बुंधे वर आलेले आहेत तिथे फूटभर बर्फ पडला तरी ट्रेल धड होत नाही, आणि जिथे एकदा नीट लेव्हल केलंय तिथे थोड्या इंचांत ग्रूमर निघू शकतो. हिवाळे आता लहरी झालेत, डिसेंबरमध्ये पाऊस पडतो, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय असं माझं ठाम मत आहे. याशिवाय आंधळं वळण मोकळं करणं, रोड क्रॉसिंगच्या आधीचा चढ कापून जागा सपाट करणं म्हणजे गाडी थांबून दोन्ही बाजू बघता येतील, रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यातून जाणारा ट्रेल झाडीत हलवणं. पूल बांधताना गाडीच्या मापाने बांधून चालत नाही, ग्रूमरच्या मापाने बांधायचा. ड्रॅगच आठ-नऊ फूट रुंद असतो आणि ट्रॅक्टरचं वजन काही टन, त्यामुळे बारा फुटांखाली पूल आम्ही विचारातच घेत नाही.

पानगळीत छाटणी. पानं गेल्यावर दिसतं नीट. बाजूच्या फांद्या आणि वरच्याही, कारण फूटभर बर्फाने गाडी वर येते आणि बर्फाच्या ओझ्याने फांदी खाली येते, सप्टेंबरमध्ये डोक्यावरून जाणारी फांदी जानेवारीत बरोबर तोंडावर असते. कोवळी झाडं कापताना बुंधा जमिनीला टेकवून सपाट कापायचा, तिरका कापला की भाल्यासारखं टोक राहतं, कुणी पडला तर जिवावर बेतेल आणि ड्रॅगचं पातंही त्यात अडकतं. चेनसॉ एकट्याने कधीच चालवायचा नाही. हे सगळं ऑक्टोबर संपेपर्यंत उरकावं लागतं कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन सुरू होतो. जमीनमालक वर्षभर त्या दिवसांची वाट बघत असतात, त्यांच्या रानात तेव्हा चेनसॉ घुमवायला गेलात तर पुढच्या वर्षीची परवानगी विसरा. सीझन संपला की जेमतेम एक-दोन आठवडे मिळतात, त्यात सगळ्या पाट्या, खुंट्या, मार्ग दाखवणारे नारिंगी डायमंड, क्रॉसिंगच्या स्टॉप पाट्या आणि त्याआधीच्या स्टॉप येतोय म्हणून सांगणाऱ्या पाट्या. त्या रात्री ताशी पन्नास मैलांच्या वेगाने येणाऱ्याला हेडलाइटमध्ये दिसल्या पाहिजेत, म्हणून गंजलेली, फिकी पडलेली पाटी आहे तशी लावायची नाही, बदलायची.

प्रश्न: सहा इंच बर्फ पडलाय, तारीख १ डिसेंबर उलटून गेलीय, तरी क्लबच्या पेजवर ट्रेल बंद लिहिलंय आणि गेट पण बंद. का?

खालची जमीन गोठलेली नसते म्हणून. आमच्याकडे ट्रेल दलदलीतून, स्प्रूस आणि टॅमरॅकच्या पाणथळ रानातून जातो, तिथे गोठण्याआधी जाड बर्फ पडला तर तो पांघरूण घालतो आणि खालचा चिखल उबदार राहतो. मग आम्ही उलटं करतो, हलक्या स्नोमोबिलने जाऊन तो बर्फ दाबतो, थंडी आत जाऊ देतो, दोन दिवसांनी जरा जड मशीन, आणि जमीन धरली की मगच ग्रूमर. अल्फाल्फाला जे मारतं तेच दलदलीत आम्हाला हवं असतं. घाईने जड ट्रॅक्टर घातला आणि तो रुतला तर काढायला दुसरं जड मशीन आणावं लागतं आणि दोन्ही मिळून जमिनीची वाट लावतात. शिवाय काही मालकांनी परवानगी देताना जमीन गोठल्याशिवाय नको असं लिहून घेतलेलं असतं. गेट बंद असेल तर बाजूने जाऊ नका.

प्रश्न: मी साठीची आहे, चेनसॉ कधी हातात धरला नाही, गाडीसुद्धा मुलगा चालवतो, मी मागे बसते. मला क्लबात काही काम मिळेल का, की उगाच अडचण होईल?

अडचण कसली, तुम्ही याच. क्लबात सगळ्यात जास्त टंचाई कागदपत्रं सांभाळणाऱ्यांची आहे. ग्रँटचे अर्ज, ग्रूमरच्या फेऱ्यांचा लॉग, व्हॉलंटियरच्या तासांची वही, बिलं, हे वेळेवर गेलं नाही तर पैसे अडकतात. दुसरं काम मालकांशी बोलण्याचं, आणि यात बायकांचा हात धरणारा मी तरी पाहिलेला नाही, हंगाम संपल्यावर प्रत्येकाच्या घरी जाऊन आभार मानायचे, काही तक्रार होती का विचारायचं, वयस्कर मालक असतील तर बसून चहा-कॉफी घ्यायची. जमीन विकली जातेय, मुलाच्या नावावर होतेय, असल्या बातम्या अशाच बसल्या ठिकाणी कळतात आणि क्लबला वेळेत नव्या मालकाकडे जाता येतं. छाटणीच्या दिवशी कापणाऱ्यामागे फांद्या ओढायला आणि पुढे उभं राहून पाट्यांची यादी करायला पण माणसं लागतात. आणि ग्रूमर चालवायची इच्छा असेल तर तेही शिकता येतं, जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसून बऱ्याच रात्री काढायच्या आणि मग तो शेजारी बसतो आणि तुम्ही चालवता.

प्रश्न: समोरून ग्रूमर आला तर नक्की काय करायचं?

वेग कमी करा, उजव्या कडेला जा, थांबा आणि त्याला जाऊ द्या. त्याला बाजूला होता येत नाही, मागे लांब ड्रॅग असतो. मागून गाठलंत तर लगेच ओव्हरटेक करू नका, त्याच्याभोवती बर्फाचा धुरळा असतो आणि समोरून येणारा तुम्हाला दिसत नाही, त्याने जागा देऊन खूण केली की मगच. फिरता पिवळा दिवा लांबून दिसतो, तेव्हापासूनच हळू व्हा. आणि त्याच्यामागे ताज्या पट्ट्यावरून जावंच लागलं तर उजव्या कडेने, सावकाश.

प्रश्न: तलावावर क्लबने खुंट्या लावून मार्ग आखलाय, म्हणजे बर्फ जाड आहे असं समजायचं ना?

असं अजिबात समजू नका. खुंट्या दिशा दाखवतात, धुक्यात किंवा बर्फाच्या वादळात किनारा सापडावा म्हणून असतात, जाडीची हमी कुणीच देत नाही. मिनेसोटाचं डीएनआर स्नोमोबिलसाठी नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी पाच ते सात इंच तरी हवी असं सांगतं, आणि पांढरट, वरून पडलेला भुसभुशीत बर्फ मिसळून गोठलेला थर असेल तर याच्या दुप्पट धरा. ओढा जिथे तलावात येतो, दोन तलावांमधली अरुंद जागा, पुलाखालचा भाग, इथे पाणी हलत असतं आणि शेजारी दहा इंच असताना तिथे दोन असू शकतात. आमचा ग्रूमर तलावावर जात नाही. तुम्ही जाणार असाल तर त्याच दिवशी ड्रिलने भोक पाडून मोजा, थोडं पुढे जाऊन परत मोजा, आणि रात्री अनोळखी तलाव ओलांडू नका.